चिंगीचा खडा

रविवारी पैलू पाडायची चाकं बंद असली की कारखाना एरवीपेक्षा मोठा वाटायचा. आत्याने कुलूप काढलं, झडपा लोटल्या, आणि उत्तरेकडचा तो थंड, एकसारखा उजेड बाकांवर येऊन बसला. अण्णांनी ही जागा घेतली ती या खिडक्यांवर भाळून. ऊन हिऱ्याला नटवतं, खरं रूप सावलीतच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. माणसांबद्दलही ते हेच सांगत. तिन्ही मुलांना हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की लहानपणी धाकटा नावडती भाजी ताटाबाहेर, सावलीत धरून तिचं खरं रूप बघत बसायचा आणि मार खायचा.

अण्णा जाऊन बरीच वर्षं लोटली होती. जाताना त्यांनी कारखाना तिघांच्या नावे केला होता आणि वर एक मेख मारून ठेवली होती: मोठा निर्णय तिघांच्या सहीशिवाय व्हायचा नाही. त्यांना वाटलं, यामुळे पोरं एकत्र राहतील. राहिली की. भांडायला तरी राहिलीच.

आजही भांडणच होणार होतं. घरी बसू, असं वहिनी म्हणाल्या होत्या, पण दादाने सांगितलं, "कारखान्याचं कारखान्यात." तेव्हाच आत्या काय ते समजली.

तिने निवडीचं मेज पुसून घेतलं. नवरा गेल्यावर माहेरी परतली तेव्हापासून हे मेज तिचं. आलेला माल निवडायचा, रंगानुसार प्रत लावायची, कुठला खडा कुठल्या कारागिराकडे जाईल ते ठरवायचं. भाची बोलायला लागली त्या दिवसापासून सगळे कारागीरही तिला आत्याच म्हणू लागले होते. बिट्टी हे तिचं जुनं नाव आता फक्त दादाच्या तोंडी उरलं होतं, आणि तेही त्याचा नूर चांगला असेल तर.

धाकटा आधी आला, नेहमीप्रमाणे बोलतच. गिऱ्हाइकं सांभाळण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि तो समोरच्याला बोलू द्यायचा नाही हीच त्याची विक्रीची कला होती. "ताई, तू माझ्या बाजूने आहेस ना? नुसती मान हलव. बाकीचं मी बघतो." त्याने बुटांवर रुळणारी, खाली दुमड घातलेली जुन्या पद्धतीची पँट घातली होती. महत्त्वाच्या दिवशी तो हीच पँट घालायचा.

मग दादा आणि वहिनी आले. दादा सरळ जाऊन खिडकीशेजारच्या बाकावर बसला. ती अण्णांची जागा, आता त्याची. वहिनींनी थर्मासमधून सगळ्यांना चहा ओतला. दादाचा पेला त्यांनी अर्धाच भरला, त्याच्या हातात न देता बाकावर ठेवला आणि आपण त्याच्या पुढ्यात अशा उभ्या राहिल्या की तो पितो कसा हे कुणाला दिसू नये. आत्याने मात्र ते पाहिलं. तिने ते काही पहिल्यांदाच पाहिलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी चिंगी आली. दादाची एकुलती एक लेक. शिकून मोठी इंजिनियर झाली होती आणि हिरे उगवणाऱ्या कंपनीत लागली होती. म्हणजे जमिनीतून खणून काढायचे नाहीत. बंद यंत्रात वायू सोडायचा, हिऱ्याचीच एक पातळ चकती बी म्हणून ठेवायची, आणि तिच्यावर थरावर थर चढवत नवा हिरा वाढवायचा. तिने नोकरी धरली त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलायचा तो हवापाण्याबद्दल. हवापाण्यावर त्या बापलेकीत व्हायची इतकी चर्चा वेधशाळेतही होत नसेल.

"तर मुद्दा असा," धाकट्याने सुरुवात केली, "की जमिनीतला कच्चा माल आपल्याकडे येईनासा झालाय. हे मी सांगायला नको. ती बघ, अर्ध्या चाकांवर फडकी आहेत. रविवार म्हणून नव्हे, गेले कित्येक महिने आहेत. आणि चिंगीची कंपनी आपणहून काम द्यायला तयार आहे. वर्षभर पुरेल इतकं. कारागीर बसून आहेत, दादा. चांगली माणसं निघून चाललीत."

"मला दिसतं," दादा म्हणाला.

"दिसतं तर सही कर."

"अण्णांच्या चाकावर भट्टीतला माल चढणार नाही."

"भट्टी नाही हो बाबा," चिंगी हळूच म्हणाली.

"जे काय असेल ते."

"हिराच असतो तो. तोच कार्बन, तोच कठीणपणा, तीच चमक. तुमच्या भिंगातूनही ओळखता येत नाही. त्यासाठी यंत्र लागतं."

"म्हणजे फसवायला बरा."

"मी कुणाला फसवत नाही." चिंगीचा आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली. ती मान थेट अण्णांची होती. "आमच्या प्रत्येक खड्यावर लिहिलेलं असतं, हा उगवलेला आहे म्हणून. फसवणारे तुमच्यातही होते आणि आमच्यातही आहेत. आणि जमिनीतल्या हिऱ्यासाठी डोंगरच्या डोंगर उकरतात, माणसं खाली गाडली जातात, तेही तुम्हीच मला लहानपणी सांगितलंय."

दादा म्हणाला, "सांगितलंय. खरं आहे ते. पण तू मला एक सांग. तुमच्या हिऱ्याचा भाव दर वर्षी पडतोय की नाही?"

"पडतोय."

"एखाद्या पोराने पै पै साठवून बायकोला अंगठी केली, आणि पुढच्या वर्षी तीच अंगठी कुणी निम्म्यालाही विचारीना. त्याला तू काय सांगशील?"

"मी सांगीन, की ती तू विकायला केली होतीस का." मग तिलाच ते उत्तर तोकडं वाटलं असावं. "पडतो भाव, बाबा. मी नाही म्हणत नाही. वीजही खूप लागते. आमच्यात सगळं चांगलंच आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण ज्यांना आजवर हिरा दुकानाच्या काचेतून बघण्यापलीकडे जमला नाही, ती माणसं आज तो बोटात घालतात. ते मला आवडतं."

"पृथ्वीच्या पोटात तो किती काळ पडून असतो, माहीत आहे तुला? डोंगर झाले नव्हते तेव्हापासून. अण्णा कच्चा खडा हातात घेतला की आधी गप्प बसायचे. म्हणायचे, वडीलधारं माणूस आलंय घरी."

ते वाक्य ऐकलं आणि आत्या क्षणभर तिथे राहिलीच नाही. अण्णा खरंच तसं म्हणायचे. शाळा सुटली की तिघं इथेच यायची. दादा एका गुडघ्याशी, ती दुसऱ्या गुडघ्याशी, आणि धाकटा बाकाखाली झोपलेला. लोखंडी चाक गरगरत असायचं, त्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी, कारण हिऱ्याला हिऱ्यावाचून कोण घासणार. अण्णा तिची बोटं धरून खडा चाकाला टेकवायचे. प्रत्येक खडा एका ठरावीक दिशेनेच कापला जातो, त्या दिशेला अण्णा नस म्हणत. नस सापडली की चाक गुणगुणतं. चुकली की किंचाळतं. "ऐक, बिट्टे. बघू नकोस, ऐक." दादाला ते कानाने चटकन कळायचं. तिला हाताने कळायचं. "तुम्हा दोघांचा मिळून एक चांगला कारागीर होईल," अण्णा हसून म्हणत, "आणि हा बाकाखालचा आपला माल विकेल." मग तिचं लग्न ठरायची वेळ आली. बघायला आलेल्या मंडळींनी तिची नखं पाहिली. तेल आणि भुकटीने काळी पडलेली. आईने तिला चाकावरून उठवलं ती कायमची. कुणाचा राग धरावा असं त्यात काही नव्हतं. तेव्हा तसंच असायचं. कारागीर जेवायला गेले की ती अजूनही एखादं रिकामं चाक सुरू करून एखाद्या बारक्या खड्याची कड नीट करायची. सगळ्यांना ते माहीत होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

"दादा, अण्णांनी मोटार आली तेव्हा पायाने फिरवायचं चाक टाकलंच ना?" धाकटा म्हणाला. "तेव्हा आजोबा तीन दिवस जेवले नव्हते म्हणे. म्हणून काय मोटार परत केली?"

"मोटारीने हिरा बदलला नाही."

"बदलतोय कोण? आणि त्यांची अट तरी काय? पहिल्या नमुन्याच्या खड्यांना पैलू तू स्वतः पाडायचे. तुझ्या हाताचं नाव आहे म्हणून ते आपल्याकडे आलेत. लोक हात जोडून मागे लागतात आणि हा..."

"नाही म्हटलं ना." दादा उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात त्याने खिशात घातले.

वहिनी पेले गोळा करू लागल्या. "वन्सं, जरा येता का? एकटीने विसळायचे म्हणजे..."

चार पेले विसळायला दोन बायका कशाला हव्यात, हे कुणीच विचारलं नाही.

मागच्या मोरीवरचा नळ वहिनींनी मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत मघाशी."

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"तो कारागिरांना शेवटचा हात मारायला द्यायला लागला तेव्हापासून. डोळे दुखतात म्हणायचा. दादाचे डोळे कसे आहेत ते मला ठाऊक आहे, वहिनी."

वहिनींनी तोच पेला पुन्हा विसळला. "डॉक्टर म्हणाले, हात थरथरायचा थांबणार नाही. औषधाने थोडा कमी होईल, बस. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय, लेकीला कळता कामा नये. नमुन्याच्या खड्यांना पैलू पाडायला बसले तर कंपनीची माणसं समोर, चिंगी समोर..." त्या थांबल्या. "तत्त्वाच्या आड ते लपलेत, मला कळतं. पण लपू दे ना. आयुष्यभर त्या हातावर मान उंच करून जगलेला माणूस आहे. तुम्ही सही देऊ नका. तुम्ही दोघं नाही म्हणालात की भावजी गप्प बसतील."

"आणि चिंगी?"

"मी तिची आई आहे," वहिनी म्हणाल्या. "मला काय तिचं वाईट वाटणार नाही? पण आज मला यांचं बघू दे."

आत्याने हो म्हटलं. लग्न होऊन वहिनी या घरात आल्या त्या काळात दोघींचं फारसं सख्य नव्हतं. नणंद माहेरी परतल्यावर तर काही वर्षं स्वयंपाकघराचे दोन भाग झाल्यासारखं होतं. इतक्या वर्षांत वहिनींनी तिच्याकडे काही मागितलं असेल तर ते हेच.

परत येऊन ती मेजाशी बसली. धाकट्याने सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला. "ताई?"

"माझी सही नाही," आत्या म्हणाली.

"का?"

"दादा म्हणतो तेच."

धाकट्याने कागद आणखी तिच्याकडे सरकवला. चिंगीने मात्र आत्याकडे असं पाहिलं की आत्याला नजर खाली घ्यावी लागली. लहानपणी शाळेत भांडण झालं, बापाने रागावलं, आईने जेवायला दिलं नाही, की हीच पोर तिच्या मेजाखाली येऊन बसायची.

"आत्या, तुला खरंच तसं वाटतं?"

"हो."

"बरं." चिंगीने पर्समधून कागदाची पुडी काढली. खडे ठेवतात तशी, पाच घड्यांची, बापानेच शिकवलेली. "मग कामाचं राहू दे. मी आणखी एका गोष्टीसाठी आले होते. हा माझा आहे. कंपनीचा नाही, माझा. पहिला खडा मी स्वतः वाढवला, म्हणून त्यांनी मला ठेवू दिला. कड लेझरने कापून आणलीय. बाबा, पैलू नका पाडू. नुसता बघा. नंतर मी जाते."

पुडी दादाच्या बाकावर उघडून ठेवून ती बाजूला झाली.

दादा बराच वेळ खिडकीशीच उभा होता. पण बाकावर उघडी पुडी पडलेली असताना तिच्याकडे पाठ करून उभं राहणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो आला. बसला. डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उचलला. वहिनी एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. चिमट्याचं टोक खड्याला लागलं, खडा वर उचलला गेला, आणि मग टोक थरथरलं. थोडंसंच. दादाने चिमटा आवळला, आणि आवळल्यामुळेच खडा टिचकी मारल्यासारखा उडाला.

लोखंडावर कुठेतरी टिक असा आवाज झाला. मग काहीच नाही.

"जागचं कुणी हलू नका," दादा म्हणाला.

तो आवाज अण्णांचा होता. सगळे जिथल्या तिथे थिजले.

"बिट्टी, पंखा बंद. पाय उचलू नकोस, सरकवत जा. चिंगे, दार लोट, खाली उंबऱ्याच्या फटीत फडकं घाल. मोरीचं तोंड कुणीतरी झाका."

"अरे जाऊ दे, दादा," धाकटा म्हणाला. "हिची कंपनी असे पोतंभर काढते. दुसरा आणेल ती."

दादा तोवर गुडघ्यांवर आला होता. त्याने तिथूनच वर पाहिलं. "या कारखान्यात पडलेला हिरा सोडून आजवर कुणी उठलंय?"

पडलेला हिरा. खडा नव्हे, माल नव्हे. आत्याने चिंगीकडे पाहिलं. चिंगीने ऐकलं होतं. ती खाली बसली आणि जमीन चाचपू लागली.

मग सगळेच खाली बसले. धाकटाही, कुरकुरत. लहानपणी असंच व्हायचं. खडा उडाला की अण्णा दार लावायचे आणि कारखान्यातला झाडून सगळी माणसं जमिनीवर. आईसुद्धा घरातून यायची. गाल फरशीला टेकवून तिरप्या नजरेने बघायचं, म्हणजे धुळीतली चमक दिसते. फटी सुईने कोरायच्या. एकदा तर आत्याच्या वेण्या सोडवून, पांढऱ्या कापडावर तिचे केस विंचरले होते, आणि खडा खरंच केसांतून निघाला होता. सापडला की अण्णा सगळ्यांना गोड खायला आणायचे. म्हणून धाकटा बाकाखाली पडल्या पडल्या देवाला म्हणायचा, रोज एक पडू दे.

"तुझ्या केसांत बघितलंस का?" दादाने बाकाखालून विचारलं.

"आता केस उरलेत कुठे," आत्या म्हणाली.

दादा हसला. खोल, घशातल्या घशात. कितीतरी दिवसांत ते हसू तिने ऐकलं नव्हतं. मग धाकट्याने वेण्यांची ती गोष्ट चिंगीला सांगायला घेतली, चुकीची सांगितली, दादाने ती दुरुस्त केली, आणि वहिनी, ज्या त्या वेळी या घरात नव्हत्याच, त्यांनी दोघांनाही दुरुस्त केलं. मेजाखाली, बाकांच्या मध्ये, हाताच्या पंजांवर रांगत मंडळी बोलत राहिली. कागद मेजावर पडून होता, पण तिथपर्यंत कुणाची नजरच पोचत नव्हती.

शोध चालला तो उजेड पिवळा पडू लागेपर्यंत. शेवटी कंबर धरून धाकटा उठला, बाकाला टेकला आणि एक पाय झटकला.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "भावजी, हलू नका."

त्या त्याच्या पायाशी वाकल्या, पँटची दुमड हलकेच उलगडली आणि पंजा पुढे केला. तळहातावर धुळीचा बोळा होता, आणि बोळ्यात तो चौकोनी, करड्या कडेचा खडा.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आत्या म्हणाली.

"पोतंभर काढते म्हणे," दादा धाकट्याला म्हणाला. "आणि हा खिशात घालून निघाला होता."

सगळे हसले. चिंगीही. पण हसता हसता तिने बापाच्या हाताकडे पाहिलं. खडा घ्यायला त्याने हात पुढे केला होता, आणि आता तो खिशात घालायला उशीर झाला होता.

"बाबा, कधीपासून?"

वहिनींनी मान फिरवली. दादाने हात मागे घेतला नाही. "बरेच दिवस झाले."

"म्हणून सही नको होती?"

"म्हणूनही." तो बाकावर बसला. "सगळं त्यामुळेच, असं समजू नकोस. जे बोललो तेही खरंच वाटतं मला. पण हात चांगला असता तर एवढं ओरडून बोललो नसतो."

चिंगीने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे. एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसत गेली असावी. आत्याला म्हणाली, "आणि तू मला खोटं सांगितलंस."

"सांगितलं," आत्या म्हणाली. "वेळ आली तर परत सांगेन."

यावर चिंगी रागावेल असं तिला वाटलं. पण चिंगीने जाऊन बापाचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तशीच उभी राहिली. हात थरथरायचा थांबला नाही. तिने तो सोडलाही नाही. धाकट्याने खिडकीबाहेर बघत खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं.

मग दादा म्हणाला, "बिट्टी, ऊठ. इथे बस."

"मी?"

"मग काय हा बसेल?" त्याने धाकट्याकडे हनुवटी केली. "माझा कान अजून शाबूत आहे. हात तुझा घेऊ."

"दादा, कंपनीला तुझा हात हवाय."

"त्यांना सरळ सांगायचं. माझा हात गेला, बहिणीचा आहे, आणि अण्णांनी दोघांनाही एकाच चाकावर शिकवलं. चालत असेल तर बघा. नाहीतर राहिलं." तो चिंगीकडे वळला. "आणि मी सांगेन तसं होईल. या मालाची चाकं वेगळी, पुड्या वेगळ्या, प्रत्येक पुडीवर मोठ्या अक्षरात लिहायचं. जमिनीतला आला की तो जुन्या चाकावरच जाईल. भले वर्षातून एकदा येवो."

"चालेल," चिंगी म्हणाली.

"चालेल काय, तुझ्या साहेबाला विचार आधी."

आत्या अण्णांच्या जागेवर बसली. बाकाची कड तिच्या आठवणीतल्यापेक्षा खाली होती. आपणच तेव्हा लहान होतो, हे तिच्या मागाहून लक्षात आलं. तिने खडा पकडीत बसवला, चाकावर तेलाचा थेंब सोडला, बटण दाबलं. घरघर सुरू झाली, वाढली, स्थिर झाली. तिने खडा टेकवला आणि चाक किंचाळलं.

"नाही," दादा डोळे मिटून म्हणाला. "फिरव."

तिने फिरवला. पुन्हा तेच. जमिनीतल्या खड्याची नस तिला बोटांनी सापडायची. त्याच्या अंगावर, कोपऱ्यांवर खुणा असायच्या. हा नुसता सपाट. मुका.

"आत्या, हा खालून वर वाढलाय," चिंगी तिच्या खांद्यावरून वाकली. "थर असे आहेत. ही बाजू बीजाची. इकडून कोपऱ्याकडे, तिरकी जाऊन बघ."

आत्या तिरकी गेली. आवाज बदलला, पण पूर्ण मोकळा झाला नाही.

"आणखी थोडी," दादा म्हणाला. "थोडी. हां. तिथेच."

चाक गुणगुणू लागलं. वहिनी बसल्या जागी बसून राहिल्या. त्या आवाजात तिघं भावंडं लहानाची मोठी झाली होती, आणि गेले काही महिने तो या कोपऱ्यातून उठलाच नव्हता.

एक बाजू आरशासारखी झाली तेव्हा आत्याने खडा काढून पुसला. चिंगीने तो चिमट्यात उचलला आणि बापाच्या डोळ्यासमोर धरला. दादाने भिंग लावलं. जुना प्रत्येक खडा तो आतल्या खुणांवरून ओळखायचा. कुणाच्या पोटात ढग, कुणाच्या पोटात पीस, एकात तर तांबडा कण होता, त्याला अण्णा डाळिंबाचा दाणा म्हणायचे. तो खडा विकला गेला तेव्हा घरात दिवसभर सुतकी शांतता होती.

"आत काहीच नाही गं," दादा म्हणाला. टीका करायची म्हणून नव्हे; थोडं वाईट वाटून म्हणाला. "कोरी पाटी."

"आहे, बाबा. उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात बघा."

तो बघत राहिला. "काळा ठिपका?"

"यंत्र चालू असताना वीज गेली होती. तेवढ्यात जो थर बसला तो त्या कोपऱ्यात काळा पडला. सगळे म्हणाले, बंद कर, फुकट गेला, दुसरा लाव. मी नाही केला. वीज आल्यावर त्याच्यावरच पुढे वाढवला. कितीतरी दिवस रोज सकाळी कामावर गेले की आधी काचेतून बघायचे, आहे ना अजून, वाढतोय ना."

दादाने भिंग खाली घेतलं नाही. चिंगीचा चिमटा स्थिर होता. तिचा हात बराच वेळ तसाच अधांतरी राहिला, अवघडला असणार, पण तिने तो हलवला नाही.

आत्याने मनात हिशेब मांडला. ठिपका कडेला होता. जरासं वजन गेलं असतं, पण दोन पैलू आत घेतले की तो सहज निघून गेला असता आणि खडा अगदी निर्मळ झाला असता. कुठलाही कारागीर हेच करतो. तिने खडा परत पकडीत बसवला आणि त्या कोपऱ्याच्या बाजूने वळवला.

"तिकडून नको, बिट्टी," दादा म्हणाला. "तो राहू दे."